आधी लॉक, मग बेल्ट, मग बोलणं

मला एक सांगा, चोर गाडीत शिरला तर बेल्ट लावून बसतो का? तेही स्टिअरिंगसमोर नाही, शेजारच्या सीटवर, हात मांडीवर ठेवून, कुणीतरी येऊन गाडी सुरू करेल अशी वाट बघत? थिओफिल ब्रुसार्ड तसे बसलेले सापडले. भर दुपारी, अंगात कडक इस्त्रीचा शर्ट, गाडीची चारही दारं आतून लॉक केलेली. समोरच्या घरातून कुणीतरी फोन केला होता की परक्या गाडीत एक काळा म्हातारा बसलाय. पोलिसाने काचेवर टकटक केली, तेव्हा त्यांनी बेल्ट सोडला, लॉक उघडलं, आणि "गुड आफ्टरनून, ऑफिसर" म्हणाले. त्यांच्या शर्टाच्या खिशात बाईचा एक वाचायचा चष्मा निघाला. झालं, गाडीफोडीचा गुन्हा.

हे सगळं मला पुढे हळूहळू कळलं. मी व्हर्डेल. काउंटीच्या कायदा ग्रंथालयात काउंटरवर बसते, त्याला बावीस वर्षं झाली. वकील परवडत नाही अशी माणसं आमच्याकडे येतात. घरमालकाने बाहेर काढलेले, पोरांचा ताबा हरलेले, तुरुंगातल्या मुलासाठी कागद शोधणाऱ्या आया. माझ्या डोक्यावर भिंतीला पाटी आहे, 'येथील कर्मचारी कायदेशीर सल्ला देत नाहीत.' म्हणजे पुस्तक काढून द्यायचं, पान दाखवायचं, फॉर्म हातात ठेवायचा आणि गप्प बसायचं. कुठल्या चौकोनात खूण करा हे सांगायचं नाही. सांगितलं तर माझी नोकरी जाते, आणि चुकीचं सांगितलं तर समोरच्याचा जन्म जातो. सुरुवातीला त्या पाटीचा मला संताप यायचा. नंतर नंतर तिच्या आड बसायची सवय लागली.

मिस्टर ब्रुसार्ड पहिल्यांदा आले ते एप्रिलमध्ये. उंच, सडपातळ, सत्तरीला टेकलेले. काउंटरवर कागदांची घडी ठेवली, ती इतकी नीट की दुकानातून आलेला शर्ट वाटावा. एकतीस वर्षं लाँड्रीत इस्त्री केलेला माणूस, कागदालाही तसाच घडी घालायचा.

"बाई," ते म्हणाले, "मी कशाला हो म्हणालो, ते मला वाचायचंय."

"वकिलांनी सांगितलं नाही?"

"सांगितलं असेल. मी शनिवारचा विचार करत होतो."

शनिवारी चर्चमध्ये त्यांच्या बायकोच्या नावाने मिस्सा, म्हणजे प्रार्थना, व्हायची होती. ओझेला तिचं नाव, तिला जाऊन एक वर्ष होत होतं. पकडलं मंगळवारी, कोर्टात उभं केलं शुक्रवारी. कोठडीच्या काचेपलीकडून एक तरुण वकील मुलगी घाईघाईने बोलली. मिस हाल्वरसन तिचं नाव, हातात चाळीसेक फायली. सरकारी पक्षाशी तिने तडजोड ठरवून आणली होती. 'वाद नाही' एवढं म्हणायचं, कायद्याने ती कबुलीच, दोन वर्षं देखरेखीखाली राहायचं, त्या गाडीच्या तीनशे फुटांच्या आत पाऊल टाकायचं नाही, आणि आज संध्याकाळी घरी. नाही म्हणालात तर पुढची तारीख दहा दिवसांनी, तोवर आतच. त्या वर्षी शहरभर गाड्यांच्या काचा फुटत होत्या, आणि सरकारी वकिलांनी कुणालाच सोडायचं नाही असं ठरवलं होतं. न्यायाधीशांनी विचारलं, स्वखुशीने करताय ना? मिस्टर ब्रुसार्ड म्हणाले, हो सर. त्यांच्या आईने त्यांना लहानपणीच शिकवलं होतं की मोठ्यांशी वाद घालायचा नाही.

मी कायद्याचं पुस्तक काढलं, पान उघडून दिलं. ते बोट ठेवून वाचत होते. लाँड्रीतल्या माणसाची बोटं, टोकं भाजून गुळगुळीत झालेली. एका ओळीवर बोट थांबलं. ते तीनदा मागे आलं आणि पुन्हा तिथेच थांबलं.

"मिस व्हर्डेल," त्यांनी माझ्या छातीवरची नावाची पट्टी वाचली होती, "इथे लिहिलंय की दारं लॉक असलेल्या गाडीत शिरला तरच हा गुन्हा."

"हो."

"गाडी उघडी होती."

मी डोक्यावरच्या पाटीकडे बघितलं.

"गाडी आता जिची आहे ती पोरगी कधीच लॉक करत नाही. काचेला चिठ्ठी लावून ठेवते, आत काही नाही, दार उघडं आहे, काच फोडू नका. आमच्या गल्लीत निम्म्या गाड्यांना असल्या चिठ्ठ्या आहेत. मी दार उघडलं, आत बसलो, मग लॉक केलं."

"मग लॉक का केलंत?" हा प्रश्न विचारायचा मला हक्क नव्हता. तोंडून गेला.

ते माझ्याकडे बघत राहिले, जणू मी दात का घासता असं विचारलं होतं. "गाडीत बसल्यावर लॉक करायचंच असतं ना," ते म्हणाले. "ओझेला गाडीच सुरू करायची नाही. आधी लॉक, मग बेल्ट, मग बोलणं. सत्तेचाळीस वर्षं."

गाडी ओझेलाची होती. फिकट सोनेरी ब्युइक. मिस्टर ब्रुसार्ड गाडी चालवायला कधी शिकलेच नाहीत. एकोणिसाव्या वर्षी लुईझियाना सोडून आले तेव्हा ओझेला आधीच चालवत होती, आणि त्यांना शेजारी बसायला आवडायचं. मूलबाळ नाही. ती गेल्यावर गाडी दारात उभी राहिली, रस्ता झाडायच्या दिवशी हलवायला कुणी नाही, म्हणून विकली. घेणारी तीन गल्ल्या पलीकडची, मारिवेल नावाची फिलिपिनो नर्स. मुद्दाम जवळच्या माणसाला विकली, म्हणजे गाडी येताजाता दिसेल. आधी नुसती दिसायची. मग एका दुपारी त्यांनी दाराला हात लावून बघितला, तर ते उघडलं.

"किती वेळा बसलात?" मी विचारलं.

"मोजलं नाही. दुपारी ती झोपलेली असायची, रात्रपाळी करते. मी वीसेक मिनिटं बसायचो. कशाला हात लावायचो नाही."

"आणि चष्मा?"

"तो तिथेच होता. आरशाच्या वर, छतात कप्पा आहे ना, त्यात. त्या पोरीला कप्पा उघडतो हेसुद्धा ठाऊक नसेल. ओझेलाचा चष्मा आम्ही तिच्या शेवटच्या महिन्यात सगळं घर उलथून शोधला होता." मग म्हणाले, "तो घेतला, हे खरं. त्याला मी नाही म्हणत नाही."

त्यानंतर ते रोज दुपारी यायला लागले. पूर्वी जे वीस मिनिटं गाडीत बसायचे ते आता आमच्याकडे बसायचे, खिडकीजवळच्या टेबलाशी. गाडीपासून तीनशे फूट लांब राहायचं म्हणून बसथांब्यावर येताना चार गल्ल्यांचा वळसा घालायचे. सोमवारी एक डबा आणायचे, लाल बीन्स आणि भात. ग्रंथालयात खायला बंदी. मी तो जिन्यात बसून खायचे. घरी माझ्यासाठी स्वयंपाक करणारं कुणी नाही, बरीच वर्षं नाही, हे मी त्यांना सांगितलं नव्हतं. तरी डबा यायचा.

अपिलाला साठ दिवसांची मुदत असते. छप्पन्नाव्या दिवशी त्यांनी फॉर्म मागितला. फॉर्मवर दोन चौकोन आहेत. एक असा की माझी कबुलीच मुळात चुकीची होती, त्यावर माझं अपील आहे. त्याच्याखाली काय चुकलं, कुणाचं चुकलं ते लिहायचं, आणि ज्या न्यायाधीशासमोर कबुली दिली त्याच्याकडूनच परवानगीचा कागद घ्यायचा. दुसरा चौकोन असा की कबुलीबद्दल माझं म्हणणं नाही, नंतरच्या गोष्टींबद्दल आहे. दाराचा प्रश्न उठवायचा तर पहिल्या चौकोनावाचून गत्यंतर नव्हतं. बावीस वर्षांत हे मला पाठ झालं आहे. दुसऱ्या चौकोनात खूण केली की आतलं सगळं मेलं.

मिस्टर ब्रुसार्डनी दोन्ही चौकोन वाचले. पेन पहिल्याकडे नेलं. मागे घेतलं. आणि दुसऱ्या चौकोनात फुली मारली.

मी खोकले. तेवढंच मला करता येत होतं. मोठ्याने खोकले, शेजारच्या टेबलावरची बाई दचकली. मिस्टर ब्रुसार्ड उठले, कागदी पेल्यात पाणी भरून माझ्यासमोर आणून ठेवलं. "जपा," म्हणाले. मग फॉर्मची घडी घातली आणि वर कोर्टाच्या खिडकीवर नेऊन दिला. मी ते पाणी प्यायले. डोक्यावर पाटी होती, आणि त्या दिवशी ती काढून जमिनीवर आपटावी असं वाटलं. आपटली नाही. पेन्शनला तीन वर्षं उरली होती.

अपील कोर्टाने त्यांना फुकटचा वकील दिला, दुसऱ्या शहरातला. त्याचं तोंडही त्यांनी कधी पाहिलं नाही. पाच महिन्यांनी त्याचं पत्र आलं. मिस्टर ब्रुसार्डनी ते माझ्यासमोर उघडलं. वकिलाने लिहिलं होतं, तुमच्या खटल्याचे सर्व कागद वाचले, एकूण एक्केचाळीस पानं. वाद घालण्याजोगा एकही मुद्दा मला सापडला नाही, तसं मी कोर्टाला कळवलं आहे. तुमचं स्वतःचं काही म्हणणं असेल तर तीस दिवसांच्या आत आपण होऊन कोर्टाला लिहावं.

"म्हणजे तो माझ्या बाजूने नाही का?" त्यांनी विचारलं.

"तुमच्याच बाजूने आहे."

"आणि त्याने कोर्टाला सांगितलं की सांगण्यासारखं काही नाही."

"तशी पद्धत आहे," मी म्हटलं. असं उत्तर मी दिवसातून दहा वेळा देते. त्या दिवशी माझं मलाच ते लाजिरवाणं वाटलं.

तीस दिवसांतले एकोणतीस दिवस त्यांनी ते पत्र लिहिलं. बारा ते एक, खिडकीजवळ. पेन्सिलने लिहायचे, खोडायचे, खोडरबराचा चुरा तळहातावर गोळा करून टोपलीत टाकायचे. मला छायाप्रत काढायला दिलं तेव्हा मी वाचलं. वाचायचं नसतं, पण वाचलं. चार पानं होती.

'माननीय न्यायाधीश महोदय, गाडी उघडी होती. दार मी लॉक केलं, पण आत बसल्यावर. माझ्या बायकोचा तसा नियम होता. अधिकाऱ्याने जे बघितलं ते त्याने खरंच लिहिलं आहे, दार लॉक होतं. पण आधी नव्हतं. मला हे कुणी विचारलं नाही आणि मीही सांगितलं नाही, कारण याने फरक पडतो हे मला ठाऊक नव्हतं. मिस हाल्वरसन यांची काही चूक नाही. त्या फार दमलेल्या होत्या. चष्मा मी घेतला. तो घ्यायला नको होता.' पुढची तीन पानं ओझेला गाडी कशी चालवायची यावर होती. पुलावर गेली की रेडिओ बंद करायची, म्हणे. पाणी बघायचं असायचं.

निकाल दोन महिन्यांनी आला. त्यांनी पाकीट न फोडता आणलं आणि माझ्यापुढे ठेवलं. "तुम्ही वाचा. माझा चष्मा घरी राहिला." चष्मा त्यांच्या खिशात होता, दिसत होता मला.

अडीच पानं, खाली तीन न्यायाधीशांच्या सह्या. प्रतिवादीच्या पत्राचा आम्ही विचार केला आहे. गाडीची दारं लॉक होती ही बाब प्रतिवादीने आपल्या कबुलीनेच मान्य केलेली आहे. कबुलीच्या वैधतेला त्याने आव्हान दिलेलं नाही. शिक्षा कायम.

"तिघांनी वाचलं ना पत्र?"

"वाचलं असं लिहिलंय."

"पुलाचंसुद्धा?"

"सगळंच वाचलं असेल."

त्यांनी मान हलवली. खिडकीबाहेर बघत बसले. मला राहवेना. मी काउंटरच्या बाहेर आले, बावीस वर्षांत पहिल्यांदा कुणाच्या टेबलाशी खुर्ची ओढून बसले. "मिस्टर ब्रुसार्ड, तुम्ही चुकीच्या चौकोनात फुली मारलीत. मी बघत होते. मला ठाऊक होतं, आणि मी बोलले नाही."

"तुम्ही खोकलात," ते म्हणाले.

"म्हणजे तुम्हाला कळलं होतं?"

"मला वाचता येतं, मिस व्हर्डेल. पहिल्या चौकोनाखाली लिहायचं होतं की त्या वकील मुलीने काय चुकवलं. तिने मला विचारलं होतं, सकाळपासून काही खाल्लंय का. चार दिवसांत तेवढं एकाच माणसाने विचारलं. तिच्याविरुद्ध कसं लिहू?" त्यांनी निकालाच्या पानांची घडी घातली. "आणि मी न्यायाधीशांना सांगितलं होतं, स्वखुशीने करतोय. तो शब्द कसा मागे घ्यायचा? मला नुसतं दाराचं सांगायचं होतं. त्याच्यासाठी तिसरा चौकोन असेल असं वाटलं होतं."

मला रडू आलं. काउंटरच्या बाहेर, लोकांसमोर. त्यांनी पुन्हा पाणी आणलं.

"एक काम कराल?" ते म्हणाले. "ब्युइक तुमच्या वाटेवर आहे. त्या नर्स पोरीने माझी सीट पुढेमागे केलीय का, तेवढं बघून याल? ओझेलाने ती पार मागे सरकवून ठेवली होती, माझ्या गुडघ्यांसाठी. आता मला चौदा महिने जाता यायचं नाही."

दुसऱ्या दिवशी माझी सुट्टी होती. गेले. गाडी उभी होती, काचेला चिठ्ठी होती. मारिवेल पायरीवर बसून उघड्या डब्यातून भात खात होती, नुकतीच कामावरून आलेली. मी कोण, कशाला आले ते सांगितलं. तिने डबा खाली ठेवला.

"तिता, मी पोलिसाला सांगितलं होतं," ती म्हणाली. तिता म्हणजे त्यांच्याकडे मावशी. "त्याला म्हटलं, मी गाडी कधी लॉकच करत नाही, चिठ्ठी बघा ना. तो हो हो म्हणाला. मग पुन्हा कुणी काही विचारलंच नाही. मला वाटलं, आजोबा दुसऱ्या दिवशी सुटले असतील." मग ती आत गेली आणि एक तपकिरी पाकीट घेऊन आली. "पोलिसांनी हे मला परत दिलं. माझं नाहीच हे. त्यांना द्याल? मी दिलं तर त्यांच्यावरच काही यायचं."

पाकिटात तो चष्मा होता. काडी एका बाजूने चिकटपट्टीने जोडलेली.

मिस्टर ब्रुसार्डनी पाकीट हातातसुद्धा घेतलं नाही. खिडकीजवळच्या टेबलावर मी ते ठेवलं, त्यांनी दोन बोटांनी माझ्याकडे परत सरकवलं.

"तिने स्वतः दिलाय," मी म्हटलं. "ही काही चोरी नव्हे."

"आता माझ्या खिशात कुणाला हा दिसला, तर मी कुणाकुणाला समजावू? तिघांनी लिहून ठेवलंय, मिस व्हर्डेल. हा घेतला की ते लिहिलेलं खरं ठरतं." त्यांचा आवाज पहिल्यांदाच जरा चढला. लगेच उतरला. "कप्प्यात ठेवून या. नुसता दाबला की उघडतो. आणि सीट?"

"पार मागे आहे. हलवलेली नाही."

"बरं," ते म्हणाले. "ती एकटीच असते, नाही का ती पोरगी? शेजारी बसायला कुणी नसेल." मग उठले, टोपी घातली. सोमवार होता. डबा त्यांनी माझ्यासाठी आणला होता, तो टेबलावर तसाच राहिला. परत बोलवायला गेले तर ते जिन्यावरून खाली गेले होते. मंगळवारी ते आले नाहीत. बुधवारीही नाही. मिस्साला दिसतात, असं त्यांच्या चर्चमधल्या एका बाईने सांगितलं. आमच्याकडे वाचण्यासारखं त्यांचं काही उरलं नव्हतं.

गुरुवारी दुपारी मी चष्मा घेऊन गेले. मारिवेलला फोन करून सांगितलं होतं. म्हणाली, मी झोपलेली असेन, तुम्ही ठेवून जा, दार उघडंच आहे. उघडंच होतं. वाकून कप्प्यापर्यंत हात पोचेना, म्हणून आत बसले, शेजारच्या सीटवर. कप्पा दाबला, तो उघडला, चष्मा आत ठेवला. मग लगेच उतरायचं होतं. पण दार ओढून घेतलं गेलं, आणि बोट आपसूक कडेच्या बटणावर गेलं. चारही दारं एकदम लॉक झाली. बेल्ट ओढला, लावला. गुडघ्यांसमोर बरीच जागा होती, उंच माणसाला लागते तेवढी. डाव्या हाताची, स्टिअरिंगसमोरची सीट रिकामी.

"बाई," मी त्या सीटला म्हणाले, पाटीबिटी काही डोक्यावर नव्हती, "तुमच्या नवऱ्याने काहीही चोरलेलं नाही. ऐकताय ना? गाडी उघडी होती."

समोरच्या घराचा पडदा हलला. कुणीतरी खिडकीत उभं होतं, कानाशी फोन. मी हात मांडीवर ठेवले आणि तशीच बसून राहिले.